राजा नसताना शांतता होती का? एका बेलिफाने केलेली तपासणी

छत्तीस वर्षं मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. समन्स बजावायचं, जप्ती करायची, ताबा घेऊन द्यायचा. निकाल लागला की वकिलांचं काम संपतं, आमचं तिथून पुढे सुरू होतं. म्हणून मध्ययुगीन आइसलँडबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाकीच्यांना ज्याचं नवल वाटतं त्याचं मला फारसं वाटलं नाही. ९३० ते १२६२, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त वर्षं, त्या बेटावर राजा नव्हता, फौज नव्हती, पोलीस नव्हते. कायदा मात्र होता आणि कोर्टंही होती. असू देत. मला एवढंच कळेना, की बेलिफ नाही तर दरखास्त, म्हणजे निकालाची बजावणी, चालवायची कोणी?

या एका प्रश्नाने निवृत्तीनंतर मला कामाला लावलं. वाचत गेलो तसं दिसलं, की या विषयात दोन तट आहेत. एकाच्या मते सरकारशिवाय लोकांचं उत्तम चाललं होतं. दुसरा म्हणतो, कसलं उत्तम, रोज कुऱ्हाडी चालत होत्या. दोघांच्याही खिशात एकेक किस्सा तयार असतो. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये हे कोर्टातल्या शिपायालाही ठाऊक असतं. तुम्हाला स्वतः तपासून मत बनवायचं असेल तर मी ज्या रीतीने गेलो ती सांगतो. घाई असेल त्याने हिशोबाचा भाग वगळला तरी चालेल, पण हाफ्लिदीचं बोट वगळू नका.

आधी यंत्रणा समजून घ्या

गोदी हा शब्द पहिल्यांदा पाठ करा. जहाजांची गोदी नाही, हा त्यांच्या सरदाराचा शब्द. गोदीपद ही मालमत्ता होती. ती वारसाने यायची, विकता यायची, दोघातिघांत वाटून घेता यायची. प्रत्येक शेतकऱ्याला कुठल्या ना कुठल्या गोदीच्या मागे असावं लागे, पण कोणाच्या ते तो स्वतः ठरवी, आणि पटलं नाही तर पुढच्या वर्षी बदलू शके. सुरुवातीला अशी ३६ पदं होती. ९६५च्या सुमारास बेटाचे चार विभाग पडले, उत्तरेकडच्यांनी आपल्यासाठी एक स्थानिक सभा जास्तीची मागून घेतली आणि पदं ३९ झाली.

दर उन्हाळ्यात थिंगवेल्लिरच्या मैदानात दोन आठवडे आल्थिंग, म्हणजे सगळ्या बेटाची सभा, भरायची. तिथे कायदा तोंडपाठ असलेला एक माणूस, त्याची मुदत तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश कायदा सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचा. अख्ख्या व्यवस्थेत पगार मिळायचा तो या एकाच माणसाला. चार विभागांची चार कोर्टं होती आणि प्रत्येकात ३६ पंच. त्यातल्या सहा जणांनी उलट मत दिलं की खटला अडकलाच. असे अडकलेले खटले सोडवायला १००५च्या सुमारास पाचवं कोर्ट आलं, तिथे बहुमत पुरायचं.

आता माझ्या कामाचा भाग. शिक्षा म्हणजे एक तर भरपाई, नाही तर हद्दपारी. हलकी हद्दपारी तीन वर्षांची, परदेशात काढायची. पुरी हद्दपारी म्हणजे मालमत्ता गेली, आणि त्या माणसाला कोणी मारलं तरी त्याचा खटला नाही. तिला त्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘रानात जाणं’ असा होतो. आपला वनवास शब्द इथे नेमका बसतो. अशा माणसाला जेवू घालणं, आसरा देणं, होडीत घेणं हासुद्धा गुन्हा. म्हणजे बेलिफ एक नव्हता, कायद्याने सगळं बेटच बेलिफ केलेलं होतं.

आणि जप्ती? तिचंही कलम आहे. आल्थिंग संपल्यावर चौदा रात्रींनी हद्दपार माणसाच्या घरी जप्तीचं कोर्ट भरवायचं. कुठे? कुंपणाबाहेर, बाण पोचेल इतक्या अंतरावर, जिथे पिकाचं शेत नाही आणि कुरणही नाही अशा जागी. हे वाचलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. जप्तीला गेलेल्या माणसाने कुठे उभं राहायचं हे टेबलावर बसून सुचत नाही. पहिल्या दोन वर्षांत मी दाराच्या फार जवळ उभा राहत असे, एकदा वरून उकळतं पाणी आलं, तेव्हापासून अंगणाबाहेर उभा राहू लागलो. हे कलम लिहिणाऱ्याच्या आधी कोणी तरी पिकात उभा राहिला होता आणि त्यावरून नवं भांडण पेटलं होतं, याची मला खात्री वाटते. पुरावा नाही, अनुभव आहे.

कागद कोणाचा आणि कधीचा

तीन प्रकारचे कागद हाती येतात. ते एकाच फायलीत लावू नका.

पहिला कायद्याचा मजकूर, ग्रागास. नावाचा अर्थ करडी हंसी. १११७-१८च्या हिवाळ्यात हाफ्लिदी मासन नावाच्या गोदीच्या घरी कायदा पहिल्यांदा लिहून काढला गेला. आज हातात असलेल्या दोन मोठ्या प्रती मात्र तेराव्या शतकातल्या आहेत. यातून काय व्हायला हवं होतं ते कळतं, काय झालं ते नाही.

दुसरा घराण्यांच्या गाथांचा. सगळ्यांना याच माहीत असतात. गोष्टी दहाव्या शतकातल्या आणि लेखन तेराव्या-चौदाव्यातलं, म्हणजे पणजोबाच्या पणजोबाचं भांडण, आणि जबाब देणारा पणतूचा पणतू. ग्रेटिर नावाचा माणूस जवळजवळ वीस वर्षं वनवासात जिवंत राहिला अशी गाथा आहे. तारखेसाठी ती वापरू नका, पण हुकूम निघाला तरी बजावणी वीस वर्षं अडू शकते हे ऐकणाऱ्यांना पटत होतं, एवढं तिच्यावरून नक्की धरा.

तिसरा समकालीन गाथांचा. बाराव्या-तेराव्या शतकात जे घडलं ते त्याच पिढीने किंवा पुढच्या पिढीने लिहिलेलं. वजन याला द्या. फक्त यातला महत्त्वाचा लेखक स्टुर्ला थोर्दारसन हा स्वतः त्या भांडणांत उतरलेला होता. हितसंबंधी साक्षीदाराचा जबाब आपण फेकून देत नाही. तो स्वतःबद्दल बोलतो तेव्हा कान टवकारायचे, हवामान आणि अंतरं सांगतो तेव्हा लिहून घ्यायचं.

आणि एक मोकळी जागा आहे तिच्याकडे लक्ष ठेवा. साधारण १०३० ते १११७ या काळातल्या भांडणांबद्दल गाथा जवळजवळ गप्प आहेत. काही जण म्हणतात, कागद नाही, म्हणून काही सांगता येत नाही. मला ते अर्धंच पटतं. गाथा भांडणाचीच होते, न झालेल्या मारामारीवर कोणी लिहीत नाही. माझ्या नोंदवह्यांवरून जगाचा अंदाज बांधाल तर जगातला प्रत्येक माणूस कर्जबुडवा ठरेल.

मोजायचं तर शेकडा तपासा

सन ११००च्या आसपास बिशप गिसूरने आल्थिंगचा खर्च उचलणाऱ्या शेतकऱ्यांची मोजदाद केली. आकडे टिकले आहेत: पूर्वेला सात शेकडे, दक्षिणेला दहा, पश्चिमेला नऊ, उत्तरेला बारा. बेरीज ३८ शेकडे, म्हणजे ३,८००? चूक. त्यांचा शेकडा १२०चा होता. खरी संख्या ४,५६०. मी पहिल्या वहीत ३,८०० लिहून पुढची सगळी गणितं केली होती, ती पानं अजून तशीच ठेवली आहेत.

प्रत्येक घरात माणसं किती आणि ज्यांची ऐपत नव्हती ते किती, यावरून लोकसंख्या ठरते. कोणी चाळीस हजार धरतं, कोणी पन्नास, कोणी सत्तर. आता सगळ्यात वाईट काळ घ्या, १२२० ते १२६२, ज्याला स्टुर्लुंग या घराण्याच्या नावावरून स्टुर्लुंगांचा काळ म्हणतात. त्यातल्या तीनच मोठ्या घटना: १२३८ची ओर्लिग्सस्तादिरची लढाई, सुमारे ५६ ठार; १२४६ची हाउग्सनेसची, सुमारे ११०; १२५३ची फ्लुगुमिरीची जाळपोळ, २५. बेरीज १९१, वर्षं ४३, म्हणजे वर्षाला साडेचाराच्या आत. पन्नास हजार लोकसंख्या धरली तर लाखामागे वर्षाला नऊ. चाळीस हजार धरली तर अकरा, सत्तर हजार धरली तर सहा. यात किरकोळ खून अजून धरलेलेच नाहीत, म्हणजे हा खालचा आकडा. १९७९ साली एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने असाच हिशोब सविस्तर मांडला आणि दाखवलं, की यादवीच्या काळातला दरसुद्धा त्या वेळच्या अमेरिकेतल्या खुनांच्या दराच्या आसपास येतो. त्याच्यावर टीका झाली ती योग्यच, कारण भाजक हलवला की उत्तर हलतं.

तरी तुलना करायचीच तर त्याच काळातल्या, राजा असलेल्या शेजाऱ्याशी करा. नॉर्वेत राजे होते, कधी कधी एकाच वेळी दोन-तीन, आणि ११३० ते १२४० एवढी वर्षं तिथे गादीसाठी यादवी चालली. इंग्लंडात राजाचे न्यायाधीश फिरत होते, शेरीफ होता, मुडदा सापडला की कॉरोनर यायचा. त्याच इंग्लंडातल्या ऑक्सफर्डसाठी १३४०च्या दशकाचे अंदाज लाखामागे साठच्या वर जातात. विद्यार्थ्यांचं गाव, ते जरा वेगळं प्रकरण आहे, पण शेरीफ असूनही.

एक भांडण शेवटपर्यंत न्या

आकड्यांचा मला लवकर कंटाळा येतो, कारण बेलिफाला खुनांची संख्या शिकवत नाही तितकं एक प्रकरण शिकवतं. शांतता मोजायची तर पहिला वार झाल्यापासून शेवटचा हात खाली येईपर्यंत काय घडलं ते बघा. यासाठी सगळ्यात चांगलं प्रकरण तेच, कायदा ज्याच्या घरी लिहिला गेला त्या हाफ्लिदीचं.

सुरुवात क्षुल्लक होती. हाफ्लिदीचा एक पुतण्या उपद्रवी, आणि थोर्गिल्स ओडासन या दुसऱ्या गोदीच्या आश्रयाला असलेला एक माणूस त्याच्याशी भिडला. प्रकरण वर चढत गेलं. ११२०च्या आल्थिंगमध्ये गर्दीत थोर्गिल्सने कुऱ्हाड चालवली आणि हाफ्लिदीचं बोट गेलं. कायदा लिहिणाऱ्याचं बोट, कायद्याच्या मैदानात. हाफ्लिदीने रीतसर खटला चालवून त्याला हद्दपार ठरवलं. मग आली जप्ती. चौदा रात्रींनी हाफ्लिदी माणसं घेऊन निघाला, तिकडे थोर्गिल्सने आपल्या घरी शेकडो माणसं जमवली होती. मध्यस्थ धावले आणि लढाई न होताच हाफ्लिदी परतला. डिक्री खिशात, वसुली शून्य. अशा किती डिक्र्या मी स्वतः परत आणून कोर्टातल्या नाझराच्या टेबलावर ठेवल्या असतील.

इथपर्यंत वाचून लोक पुस्तक मिटतात आणि म्हणतात, बघा, बळी तो कान पिळी. मिटू नका. पुढच्या वर्षी दोघंही प्रचंड जमाव घेऊन आल्थिंगला आले. तेव्हा केतिल थोरस्टाइनसन नावाच्या धर्मगुरूने हाफ्लिदीला स्वतःची हकिकत सांगितली. त्याचा एक डोळा भांडणात गेला होता. जाब मागायला गेला तर जे मिळे त्याने मान परत येईना, शेवटी त्याने सगळा दावा देवावर सोडला आणि तेव्हापासून त्याचं बरं चाललं. हाफ्लिदी वरमला. दुसऱ्या वर्षी केतिल होलारचा बिशप झाला.

तडजोड काय झाली? थोर्गिल्सने निकाल हाफ्लिदीच्याच हाती दिला. याला ते ‘स्वनिवाडा’ म्हणत: ज्याचं नुकसान झालं त्यानेच रक्कम ठरवायची. अट एवढीच, की थोर्गिल्सचं गोदीपद, जमीन आणि मायदेश यांना हात लावायचा नाही. हाफ्लिदीने लोकरी कापडाच्या मापात ऐंशी शेकडे मागितले, तेही १२०चे. रक्कम ऐकून स्काफ्टी थोरारिन्सन नावाचा माणूस म्हणाला, प्रत्येक अवयवाला हाच भाव असेल तर अख्खा हाफ्लिदी फार महाग पडेल. आइसलँडमध्ये हे वाक्य आजही म्हणीसारखं चालतं. रक्कम पोचली, आणि दोघं पुढे मरेपर्यंत एकमेकांच्या बाजूने उभे राहिले.

आता पेन घ्या आणि वहीत चार रकाने आखा. निवाडा कोणी केला: कोर्टाने, मध्यस्थांनी की पक्षकाराने स्वतः? किती दिवसांत थांबलं? पैसा कोणाच्या खिशातून गेला? आणि हमी कोणाची? शेवटचा रकाना विसरू नका, त्यातच सगळं आहे. वीस-पंचवीस प्रकरणं भरली की चित्र आपोआप दिसू लागतं. कोर्टाचा निकाल क्वचितच शेवटचा असतो. तो समोरच्याला तडजोडीला बसवायचा दट्ट्या. तडजोड घडवतात ती दोन्हीकडे सोयरीक असलेली माणसं, कारण लढाई झाली तर त्यांचे दोन्हीकडचे मरणार. आणि गरिबाकडे माणसं नसतील तर? तो आपला दावाच एखाद्या बड्याच्या हातात देऊ शकत असे, मग खटला तो बडा चालवी. ही सोय मला खूप हुशारीची वाटते. अर्थात बडा माणूस त्यातला वाटा घेतल्याशिवाय उठत नव्हता.

कायद्यातली एक बारीक गोष्टही वहीत टिपा. माणूस मारला तर मारणाऱ्याने जवळच्या घरी जाऊन ते जाहीर करायचं. केलं तर तो मनुष्यवध, भरपाईची बोलणी होऊ शकतात. लपवलं तर तो खून, आणि त्याच्यासारखा हलकट दुसरा नाही. भरपाई एकट्याच्या डोक्यावर नसे. नात्यानुसार कोणी किती द्यायचं आणि कोणी किती घ्यायचं याची यादी थेट चार पिढ्या दूरच्या भावंडांपर्यंत जाते. जिथे दूरच्या चुलतभावाचाही खिसा हलका होतो तिथे तो आधीच येऊन पोराचा हात धरतो.

कुठे उसवलं ते तारखेने शोधा

रकाने भरताना लक्षात येईल, की बाराव्या शतकाच्या शेवटाकडे ‘किती दिवसांत थांबलं’ हा रकाना लांबत जातो. कारण शोधायला तलवारींकडे बघू नका, जमाखर्चाकडे बघा. १०९७च्या सुमारास चर्चसाठी दशांश कर लागू झाला. त्याचे चार भाग: बिशप, पाद्री, चर्चची इमारत आणि गरीब. पण बहुतेक चर्च बड्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर, त्यांच्याच मालकीची होती. त्यामुळे पाद्री आणि इमारत यांचे दोन भाग मालकाच्या हातून फिरू लागले. पहिल्यांदा गोदीला असं उत्पन्न मिळालं जे त्याच्या मागच्या शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हतं. गोदीपदं विकता येत होतीच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाच-सहा घराण्यांत गोळा झाली.

आता शेतकऱ्याने गोदी बदलायचा म्हटलं तर जायचं कुठे? आजूबाजूचे सगळे गोदी एकाच घरचे. दोन्हीकडे सोयरीक असलेला मध्यस्थ सापडेना, कारण तिसरी बाजूच उरली नव्हती. त्यातच नॉर्वेचा राजा एकेका सरदाराला आपला माणूस करून घेत होता. कवी आणि इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसनला १२४१मध्ये रेकहोल्टला त्याच्याच घराच्या तळघरात मारलं, ते राजाच्या मर्जीवरून आणि गिसूर थोर्वाल्डसन या सरदाराच्या माणसांकडून. १२६२ ते १२६४मध्ये बेटाने राजाला कर द्यायचं कबूल केलं. म्हणून ‘ही पद्धत शांतता राखू शकत होती का’ असं कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, कोणत्या सालची? ११२१ची राखत होती. १२४६ची नव्हती, आणि तेव्हा कायद्याचा मजकूर जवळपास तोच होता.

हीच वही आयर्लंडला लावून बघता येते. तिथे छोटे राजे पुष्कळ होते, पण वसुली त्यांच्याकडे नव्हती. जामीनदारांची साखळी होती, आणि बडा माणूस देणं देत नसेल तर धनको त्याच्या दारात उपाशी बसायचा. सरळ धरणंच. उपास चालू असताना तारण न देता जो जेवला त्याचं देणं दुप्पट. हे वाचून हसू आलं खरं, पण काही घरांपुढे माझ्या जप्तीच्या वॉरंटपेक्षा हेच जास्त चाललं असतं.

शांतता कोणाची, हेही एकदा विचारा. आइसलँडमध्ये सुरुवातीच्या काळात गुलाम होते, त्यांच्यासाठी भरपाई मालकाला. एका गाथेनुसार आर्नकेल नावाच्या गोदीच्या खुनाचा खटला बायकांच्या हाती राहिला, नीट चालला नाही, आणि त्यावरून बायकांना आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना खुनाचा खटला चालवायला बंदी आली. खटला बिघडला की दोष कोणाला द्यायचा हे तिथेही ठरलेलं होतं. दुसऱ्या बाजूला, किमान वीस शेतकऱ्यांचे गट असत, घर जळलं किंवा रोगाने गुरं मेली तर ते नुकसान वाटून घेत. पोटाला असलं की माणूस कुऱ्हाड उशिरा उचलतो, म्हणून मी हेही शांततेच्याच खात्यात धरतो.

शेवटचं प्रकरण वहीत मी सगळ्यात उशिरा भरलं. ऑक्टोबर १२५३, फ्लुगुमिरी. गिसूरचं घराणं आणि स्टुर्लुंग यांचं वैर मिटावं म्हणून गिसूरचा मुलगा हाल्ल आणि इतिहासकार स्टुर्लाची मुलगी इंगिबियोर्ग यांचं लग्न लावलं. नवरी तेरा वर्षांची. वऱ्हाड पांगल्यावर एयोल्फूर नावाच्या माणसाच्या टोळीने रात्री घर पेटवलं. हाल्ल मेला, गिसूरची बायको आणि बाकीचे मुलगे मेले. गिसूर कोठारातल्या आंबट निवळीच्या पिंपात उतरून उभा राहिला. शोधणाऱ्यांनी पिंपात भाले खुपसून पाहिले, त्याच्या हातांना आणि नडग्यांना जखमा झाल्या, तो हलला नाही. थंडीने आधी कुडकुडत होता, ते आले तेव्हा कुडकुडणं थांबलं, असं स्टुर्ला लिहितो. इंगिबियोर्गला हल्लेखोरांपैकीच एकाने आगीतून उचलून बाहेर आणलं. पुढे गिसूरच्या सूडात तोही मारला गेला.

निवाडा: कोणीच नाही. दिवस: मोजता आले नाहीत. पैसा: रेघ. हमीच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिलं, नवरी, वय १३.